पडीक कोणास म्हणावें?

गेल्या दिवाळींत वसुबारसेच्या सायंकाळीं आमच्या नवी पेठेंतील घरीं एक प्रश्न निघाला, आणि तो इतका लांबला कीं, दुसऱ्या दिवशीं धनत्रयोदशीचे दिवे लावतांनाही त्याच्यावरच बोलणें चाललें होतें. प्रश्न तसा घरगुतीच. तथापि आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित जमिनीचा एखादा तुकडा आहे, त्यांच्या ओसरीवरही तो आज ना उद्यां निघाल्यावांचून राहणार नाहीं, असें वाटल्यावरून ह्या महिन्याचें हें सदर आम्ही त्यालाच द्यावयाचें ठरविलें आहे.

प्रश्न असा. आमच्या आजोबांच्या वेळचा नऊ एकरांचा एक माळ सोलापुराच्या उत्तरेस, नान्नजच्याही पलीकडे, एका खेड्याच्या शिवेस आहे. त्यांत कधीं पीक निघाल्याचें घरांत कोणास आठवत नाहीं. वर वीतभर माती, तिच्याखालीं मुरूम आणि मुरुमाखालीं काळा पत्थर. विहीर नाहीं, बांध नाहीं, सावलीपुरतें झाड नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर बहुतेक क्षेत्र पोटखराब म्हणून लागलेलें; नांवें मात्र सतरा. ह्या माळाची घरांत आठवण व्हावी असें आजवर कांहीं घडलेंच नव्हतें. परंतु दिवाळीच्या आधीं एक गृहस्थ येऊन गेले. त्यांना तेथें सौर विजेचीं पॅनेलें मांडावयाचीं होतीं, आणि त्यासाठीं पुष्कळ वर्षांच्या कराराने जमीन भाड्यानें हवी होती.

आमचे धाकटे बंधु बापू ह्यांना ही गोष्ट एकदम पसंत पडली. त्यांच्या थोरल्या चिरंजीवास यंदा परगांवीं इंजिनियरिंगच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला आहे, आणि त्यासाठीं बँकेचें कर्ज काढावें लागलें आहे. ज्या जमिनीनें तीन पिढ्यांत एक पायलीभर धान्य दिलें नाहीं, ती आतां घरबसल्या पैसे देत असेल, आणि तेही सूर्यप्रकाशाच्या पवित्र विजेसाठीं, तर ह्यांत वाईट तें काय, असा त्यांचा सवाल होता. वहिनींचें म्हणणें निराळें. सासूबाईंच्या स्मरणार्थ तेथें एक हजार झाडें लावावींत. ऊन दरवर्षीं वाढतें आहे, पाऊस बेभरवशाचा झाला आहे, अशा काळांत झाडें लावण्यासारखें दुसरें पुण्य नाहीं. अण्णा सर्वांत वडील. ते म्हणाले, “उताऱ्यावर आज सतरा नांवें आहेत, उद्यां चाळीस होतील. विका आणि वांटणी करून मोकळे व्हा.”

तिघांचीं मतें तीन. पण एका गोष्टीविषयीं तिघांचेंही एकमत होतें. जमीन पडीक आहे! आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही मान डोलावलीच होती. तेवढ्यांत आठवींत शिकणारी आमची पुतणी वाती वळतां वळतां म्हणाली, “काका, पडीक म्हणजे तिथें कुणीच राहत नाहीं ना? तुम्ही पाहून आलांत का?” ह्या प्रश्नास कोणापाशींही उत्तर नव्हतें. आमच्यापैकीं एकानेंही गेल्या बारा वर्षांत त्या माळावर पाऊल टाकलें नव्हतें. तेव्हां भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं डबे बांधून घेऊन आम्ही सारीं मंडळी निघालों.

सोलापुराहून बार्शीच्या रस्त्यानें सुमारें वीस किलोमीटरांवर नान्नज लागतें. ह्या गांवाचें नांव द्राक्षांसाठीं दूरवर गाजलेलें आहे. बाजारांत ज्यांस आपण ‘सोनाका’ म्हणतों, त्या लांबट द्राक्षांची जात येथीलच नानासाहेब काळे ह्यांच्या मळ्यांत निपजली. रस्त्याच्या दुतर्फा द्राक्षांचे मांडव आणि उंसाचे फड पाहून बापू म्हणाले, “मनगटांत जोर असला म्हणजे माळाचेंही सोनें होतें!” पुढें गाडीवाटेनें आम्ही आमच्या माळाशीं पोंचलों, आणि गाडींतून उतरल्यावर क्षणभर कोणीच कांहीं बोललें नाहीं. यंदा पाऊस भरपूर झाल्यामुळें गवत गुडघ्यापर्यंत आलें होतें. तें पिकून त्यावर वाळल्या भाताच्या काडीसारखा रंग चढला होता, आणि वारा सुटला कीं सारा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलत होता. दहा पावलें चालतों न चालतों तोंच वहिनींच्या पातळाचे कांठ कुसळांनीं भरून गेले. पायांपुढून चंडोल उडत होते. दूरवर एक भोवत्या गवताच्या शेंड्यांना जणुं पोट घासीत फिरत होता. हा पक्षी हिंवाळ्यापुरता मध्य आशियाकडून आपल्याकडे येतो, आणि रात्रीचा मुक्काम झाडावर न करतां उघड्या माळावर गवतांतच करतो.

इतक्यांत मुलीनें आमचा हात दाबला. समोरच्या उंचवट्यावर सात-आठ हरिणी आणि त्यांच्यामध्यें एक पीळदार शिंगांचा काळवीट उभा होता. त्यानें आमच्याकडे पाहिलें, आणि दोन उड्यांत सारा कळप दिसेनासा झाला.

त्याच क्षणीं आम्हांस लहानपणीं वडिलांजवळ बसून शिकलेली एक गोष्ट आठवली. याज्ञवल्क्यस्मृतीच्या अगदीं आरंभीं, धर्म कोणत्या देशांतील म्हणून ऐकावयाचा, हें सांगतांना ज्या देशांत कृष्णमृग वावरतो तो, अशी खूण दिली आहे. आणि मनुस्मृतींतही काळवीट जेथें स्वभावतःच चरतो तो देश यज्ञास योग्य, असा अर्थ आहे. मुंजींत बटूच्या अंगावर कृष्णाजिन घालण्याची चाल आपल्यांत याच मृगामुळें आली. म्हणजे आमच्या शास्त्रकारांच्या व्याख्येप्रमाणें आमचे हे नऊ एकर पवित्र भूमींत मोडत होते, आणि आमच्याच उताऱ्यावर मात्र ते पोटखराब होते!

ह्या दोन व्याख्यांमध्यें अंतर कसें पडलें, हें पाहण्यासारखें आहे. १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट ह्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं आपल्या शेजारच्याच इंदापूर तालुक्यांत जमिनीची नवी पाहणी सुरू केली, आणि पुढें तीच पद्धति मुंबई इलाख्यांत पसरली. सरकारला सारा हवा होता. म्हणून जी जमीन नांगरतां येते व सारा देते ती कामाची, आणि जी देत नाहीं ती खराब, असा हिशेब झाला. हिशेब सरकारच्या दृष्टीनें चुकीचा नव्हता. परंतु पुढें सरकार बदललें, साऱ्याचें महत्त्व राहिलें नाहीं, आणि तो शब्द मात्र आपल्या तोंडीं कायमचा बसला. आजही अनेक सरकारी हिशेबांत गवताचे माळ पडीक जमिनींतच धरले जातात, आणि पडीक म्हटलें कीं ती ‘उपयोगांत आणणें’ ओघानेंच आलें.

आम्ही गवतांत बसून डबे सोडीत होतों, तेव्हां एक वृद्ध धनगर मेंढरें घेऊन तेथें आला. त्याला आम्हीं पाणी व करंज्या दिल्या. मुलीनें त्याला विचारलें, “आजोबा, इथें माळढोक दिसतो का?” म्हातारा हंसला. “ताई, माज्या पोरपणीं लई व्हते. पावसाळ्यांत नर असा गळा फुगवून उबा ऱ्हायचा, आन् त्येचा आवाज पार त्या वड्यापतुर जायाचा. आतां नांवच ऱ्हायलंय बगा.”

माळढोक हा आमच्या सोलापुराचा मानकरी पक्षी. उंचीनें जवळजवळ एक मीटर, नराचें वजन पंधरा किलोपर्यंत भरणारें. जगांतील उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी थोडेच. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरें, हरभरा, जें मिळेल तें खाणारा. मादी एका वेळीं बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंही घरट्यांत नव्हे, उघड्या जमिनीवर. एवढा सावकाश वाढणारा ज्याचा वंश, त्याला धक्का बसला तर तो सांवरणार कसा? १९६९ सालीं सबंध देशांत हे पक्षी सुमारें १,२६० असावेत, असा अंदाज करण्यांत आला होता. आज ते दीडशेंच्या आसपास असावेत असें मानतात, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत.

१९७२ सालच्या त्या भीषण दुष्काळाच्या वर्षींच सोलापूरचे निसर्गाभ्यासक बी. एस. कुलकर्णी ह्यांनीं नान्नजच्या माळढोकांकडे लोकांचें लक्ष वेधलें. पुढें अवर्षणप्रवण क्षेत्रांच्या विकासासाठीं निघालेल्या योजनेंत कांहीं माळांना कुंपण घालून तेथें गवत राखण्यांत आलें. हेतु गुरांच्या चाऱ्याचा होता. पण त्या राखलेल्या गवतांत माळढोकांनीं संसार थाटला. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे देशांतील फार मोठ्या अभयारण्यांपैकीं एक. परंतु ही भव्यता बरीचशी कागदावरचीच होती. तीत गांवें होतीं, शेतें होतीं, रस्ते व बाजारपेठा होत्या. आपली स्वतःची जमीन विकतां येईना, विहीर-रस्त्याचीं कामें अडूं लागलीं, तेव्हां शेतकऱ्याच्या मनांत त्या मुक्या पक्ष्याविषयीं राग उत्पन्न झाला, ह्यांत त्याला दोष देतां येणार नाहीं. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन पाळलेली भूतदया फार दिवस टिकत नसते. अखेर २०१२ सालीं हें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. त्या वेळीं जे माळ हद्दीबाहेर गेले, त्यांतच आमचाही होता. म्हणजे आमच्या जमिनीचें काय करावें, हें आम्हांस आतां अभयारण्याचा कायदा सांगत नाहीं. तें आमच्या बुद्धीवरच सोपविलेलें आहे, आणि म्हणूनच प्रश्न अधिक अवघड झाला आहे.

अलीकडच्या वर्षांत नान्नजच्या माळांवर एकटीदुकटी मादी काय ती दिसली. असें कां झालें? पूर्वीं शिकार झाली, हें खरें. पण १९७२ सालींच वन्यजीव संरक्षणाचा कायदा होऊन ह्या पक्ष्यास त्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें, आणि तरीही तो घटतच गेला. कारण त्याला मारणारे थांबले, तरी त्याचें घर जात राहिलें. आपल्या जिल्ह्यांत मालदांडी ज्वारी हें रब्बीचें मुख्य पीक. मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडलेलें तिचें वाण गेल्या शतकांत सबंध दख्खनभर पसरलें. ज्वारी, करडई आणि हरभरा ह्यांच्या शेतांत माळढोक हिंडे, किडे टिपी, आणि पुन्हां माळावर परते. शेतकऱ्याचा तो शत्रु नव्हता. १९८० सालीं भीमेवरील उजनीचें धरण पुरें झालें, पाणी आलें, आणि पाण्यामागोमाग ऊंस आला. पाणी येऊं नये असें कोण म्हणेल? परंतु दोन पुरुष उंचीच्या उंसांत ह्या पक्ष्यास ना दिसत, ना चालतां येत. जोडीला विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यामुळें अगदीं समोरचें त्यास फार थोडें दिसतें, आणि देह जड असल्यामुळें आयत्या वेळीं वळतां येत नाहीं. भटकीं कुत्रीं वाढलीं. तीं उघड्यावरचें अंडें कोठें सोडतात!

आणि आणखी एक कारण आहे. तें ऐकून वहिनी फार वेळ गप्प बसल्या. माळांवर झाडें लावण्यांत आलीं! सुबाभूळ, गिरिपुष्प अशा लवकर वाढणाऱ्या झाडांच्या रांगा लावतांना लावणारांचा हेतु चांगलाच होता. परंतु माळढोक, धाविक, चंडोल, काळवीट ह्या साऱ्यांचें संरक्षण त्यांच्या नजरेंत असतें. दूरवर दिसलें पाहिजे, म्हणजे लांडगा येण्याआधीं पळतां येतें. झाडांच्या रांगांत त्यांना जीव मुठींत धरून राहावें लागतें, म्हणून तीं ती जागाच सोडतात. शिवाय झाडाखालचें गवत सावलीनें खुरटतें, तें निराळेंच.

“मग उन्हाचें काय? पावसाचें काय?” असें वहिनींनीं विचारलें, आणि प्रश्न रास्त होता. आपल्या सोलापुरास वर्षाकाठीं सरासरीनें पांचशें ते सहाशें मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वीं तो कमी असला तरी थोडा थोडा येई. आतां कसें होतें, तें आपण पाहतच आहों. २०१८ सालीं दुष्काळ. २०२० च्या ऑक्टोबरांत एका दिवसांत सारा जिल्हा जलमय. २०२३ सालीं पुन्हां टंचाई. आणि ह्या दिवाळीच्या आधीं अवघा महिनाभर, २०२५ च्या सप्टेंबरांत, सीनेच्या पुरानें माढा, मोहोळ व उत्तर सोलापूर ह्या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें पाण्यांत. हवा तापली म्हणजे ती अधिक बाष्प धरून ठेवते, आणि सोडते तेव्हां एकदम सोडते. म्हणून कोरडे खंडही लांबतात आणि पाऊस आला तर धो धो येतो. जमिनीवर अंडें घालणाऱ्या पक्ष्यावर अशा पावसांत काय प्रसंग गुदरत असेल, ह्याची कल्पनाच करावी.

परंतु ह्याच कारणासाठीं गवताचें महत्त्व आहे. गवताचा खरा संसार जमिनीखालीं असतो. पवन्या, मारवेल, कुसळी ह्यांच्या मुळांची जाळी वीतभर मातीला मुरुमाशीं शिवून ठेवते; धो धो पावसांत ती वाहून जात नाहीं, आणि पाणी थबकून थोडें तरी मुरतें. झाडें हवेंतील कर्बवायु शोषून आपल्या लांकडांत सांठवितात. गवत तो मुख्यत्वें मुळांत व मातींत सांठवितें. दुष्काळांत झाड वाळलें, वणव्यांत जळलें, कीं सांठविलेलें परत हवेंत जातें. गवत वरून जळलें तरी मुळें खालीं शाबूत राहतात, आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर पुन्हां हिरवीं होतात. आमच्या माळावर एक हजार झाडें लावलीं असतीं, तर खड्डे पत्थरांत खणावे लागले असते, तीन उन्हाळे टँकरनें पाणी घालावें लागलें असतें, आणि नांगरटीनें गवत मात्र पहिल्याच वर्षीं गेलें असतें. सासूबाईंच्या नांवानें आपण एक भरलें घर मोडलें असतें, असें वहिनीच पुढें म्हणाल्या. झाडें लावूंच नयेत, असा ह्याचा अर्थ मुळींच नव्हे. ओढ्याकांठीं, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारांत, आणि आमच्या नवी पेठेसारख्या उन्हानें भाजून निघणाऱ्या वस्तींत जितकीं लावाल तितकीं थोडीं. फक्त जागा पाहून लावावींत.

राहिला बापूंचा प्रश्न. तो सर्वांत कठीण, कारण त्यांत मुलाचें शिक्षण गुंतलें होतें, आणि सौर विजेचें काम खरोखरच निकडीचें आहे. गंमत अशी कीं, आमच्या ओसरीवरचा हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. राजस्थान व गुजरात ह्या प्रांतांत माळढोकांच्या भूमींतच सूर्य व वारा ह्यांपासून वीज काढण्याचे मोठे कारखाने उभे राहिले. एम. के. रणजितसिंह ह्यांच्या अर्जावरून २०२१ च्या एप्रिलांत न्यायालयानें तेथील विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा हुकूम केला. सरकारनें अडचणी मांडल्या. आणि २०२४ च्या मार्चांत न्यायालयानें तो सरसकट हुकूम बदलून तज्ज्ञांची समिति नेमली. त्याच निकालांत, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क नागरिकांना राज्यघटनेच्या १४ व्या व २१ व्या कलमांखालीं आहे, असेंही न्यायालयानें मान्य केलें. म्हणजे एकीकडे पक्ष्याचा जीव, दुसरीकडे तापत्या जगांत माणसाचा जीव. दोन्ही पारड्यांत धर्मच!

आमच्या अल्पमतीस असें वाटतें कीं, येथें वीज कीं पक्षी असा प्रश्नच करूं नये. वीज कोठें काढावी, असा तो करावा. सूर्य काय फक्त माळावरच तळपतो? नवी पेठेंतून गच्चीवर उभें राहून चहूंकडे पाहावें: जुन्या घरांचीं माळवदें, नव्या इमारतींच्या गच्च्या, दुकानांचे व गुदामांचे पत्रे, असें एकरच्या एकर क्षेत्र उन्हांत रिकामें तापत पडलें आहे. त्यावर कोणाचें अंडें नाहीं, कोणाचें चरण्याचें रान नाहीं. खरें पडीक कोणतें, हें तेथें कळतें. घराच्या छपरावर पॅनेलें बसविणाऱ्यांस साहाय्य देण्याची केंद्र सरकारची योजना २०२४ सालीं निघाली आहे. तिचा लाभ आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांनीं, जेथें चार बिऱ्हाडांचें वीजबिल एका छपराखालीं येतें, अगत्यानें घ्यावा.

आणि माळ राखून तरी काय होणार, माळढोक तर गेलाच, असें म्हणणारांस एक उत्तर आहे. जैसलमेर जिल्ह्यांत २०१९ सालापासून माळढोकांची अंडीं गोळा करून पिलें वाढविण्याचें केंद्र चालू आहे. तेथें पिलें वाढत आहेत, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत कृत्रिम गर्भधारणेनें झालेलें पहिलें पिलूं जन्मास आलें. शास्त्रज्ञ आपलें काम करीत आहेत. परंतु उद्यां हे पक्षी पुन्हां मोकळे सोडण्याइतके झाले, आणि दख्खनकडे पाहून कोणीं विचारलें, “तुमच्याकडे माळ आहे का?”, तर आपण काय सांगावें? पक्षी पिंजऱ्यांत वाढवितां येईल, माळ पिंजऱ्यांत वाढवितां येत नाहीं. आणि तोपर्यंत काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे तेथले आजचे रहिवासी आहेतच. त्यांचाही त्या उताऱ्यावर अठरावा हिस्सा समजावा.

आपण गणपतीला दूर्वा वाहतों. दर्भावांचून आपलें श्राद्ध होत नाहीं, पवित्रक होत नाहीं. वसुबारसेला ज्या गाईची व वांसराची पूजा आम्हीं त्या सायंकाळीं केली, तीं जगतात कशावर? एवढें असून सबंध माळ गवतानें भरला कीं त्याला आपण रिकामा म्हणतों, ही संवय आपल्या घरापासून मोडली पाहिजे.

आमच्या घरीं काय ठरलें, हें सांगून हें टांचण पुरें करतों. सर्वांचें पूर्ण समाधान झालें, असें म्हणतां येणार नाहीं. माळ विकावयाचा नाहीं, नांगरावयाचा नाहीं, भाड्यानें द्यावयाचा नाहीं, असें पांच वर्षांपुरतें ठरलें. भाड्याचे पैसे बुडाले, हा तोटा खरा आहे, आणि तो एकट्या बापूंनीं सोसूं नये म्हणून मुलाच्या कर्जाचा हप्ता चौघां भावंडांत वांटून घेतला आहे. अण्णांनीं सही केली. पण “पांच वर्षांनीं पुन्हां बोलूं,” असें ते बजावून गेले आहेत. बीं गळून पडल्यावरच गवत कापावयाचें, आणि अर्ध्या माळावर एक वर्ष, उरलेल्यावर दुसऱ्या वर्षीं मेंढरें फिरवावयाचीं, असें त्या धनगरबाबांशीं बोलणें झालें. गच्चीवर पॅनेलें बसविण्यासाठीं अर्ज गेला आहे. वहिनींनीं सासूबाईंच्या नांवानें पंचवीस झाडें आमच्या बोळांत व जवळच्या शाळेंत लावण्याचें घेतलें आहे; आणि स्वयंपाकघरांत आठवड्यांतून चार रात्री ज्वारीची भाकरी, असाही एक ठराव त्यांनींच मांडून त्यांनींच संमत केला. ज्वारीला गिऱ्हाईक राहिलें, तरच ज्वारीचें शेत राहील, हें त्यांचें म्हणणें कोणास खोडतां आलें नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरींही असे पोटखराब तुकडे असतील. वांटणीच्या बैठकींत त्यांचा निकाल लावण्यापूर्वीं एकदां मुलांना घेऊन तेथें जाऊन यावें, एवढीच आमची विनंति आहे. हुरड्याच्या दिवसांत गेल्यास उत्तम. मात्र गाडी वाटेवरच ठेवावी, कुत्रें बरोबर नेऊं नये, आणि हरिणांच्या मागें धांवूं नये. तेथें कोण राहतें, हें पाहून आल्यावर आम्हांस अवश्य लिहावें. आमची पुतणी त्या पत्रांची वही करणार आहे, आणि पहिल्या पानावर तिनें आमच्याच माळाची नोंद केली आहे: काळवीट एक, हरिणी आठ, भोवत्या एक, चंडोल मोजतां आले नाहींत.